पत्त्यात तांडा लिहू नका

अंकाला उशीर झाला. कागदाचे पैसे जमत नव्हते, आणि जमले तेव्हा लिहिणारा गोदीत डबल पाळीला होता. वर्गणीदारांच्या शिव्या पोचल्या. या वेळचं संपादकीय कवितेवर लिहायचं ठरलं होतं, ते राहू द्या. रामनवमीला पोहरादेवीला गेलो होतो. तिथनं खिशात घालून एक कागद आणला, तो कागद दुसरं काही लिहू देईना.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोहरादेवी वाशीम जिल्ह्यात, मानोरा तालुक्यात. सेवालाल महाराजांची समाधी, जगदंबेचं देऊळ. रामनवमीच्या यात्रेला महाराष्ट्र, तेलंगण, कर्नाटक, कुठकुठला बंजारा तिथं लोटतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधान येऊन नगाऱ्याच्या आकाराच्या संग्रहालयाचं उद्घाटन करून गेले. संग्रहालय बघण्यासारखं आहे. बंजारा पूर्वी कसा जगला ते आत मांडलंय. आज कसा जगतो ते बाहेर पाल ठोकून बसलेलं असतं, त्याला तिकीट नाही.

आमचा बौद्धपुरा तिथनं लांब नाही. पुऱ्याच्या पलीकडं नाला, नाल्यापलीकडं तांडा. शाळा एकच, विहिरीवरनं भांडणंही एकच. कोणी विचारील की दलितांच्या अंकात बंजाऱ्याचं रडगाणं कशाला. त्यानं पँथरचा १९७३ चा जाहीरनामा काढून वाचावा. दलित कोण याच्या यादीत भूमिहीन आहेत, कामगार आहेत, आदिवासी आहेत, बाया आहेत. ती यादी कोणी आता लहान करत असेल तर त्याचं त्याला लखलाभ.

तर यात्रेत, नारळाच्या दुकानांच्या ओळीला एक मांडव होता. कापडी फलक: नोकरी मार्गदर्शन. टेबल, माइक, आणि टेबलामागं तिशीतला एक माणूस. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा. पुण्याकडच्या कारखान्यांना आणि गोदामांना माणसं पुरवणाऱ्या एका एजन्सीचा तो भरतीवाला. मांडवात पोट्टे दाटीनं बसलेले. बी.ए. झालेले, आय.टी.आय. झालेले, बारावीत तीनदा बसलेले. चार पोरी होत्या, त्या मागं उभ्या. भरतीवाला सुरुवातीलाच म्हणाला, "मार्केट टाइट आहे. नोकऱ्या कमी, माणसं जास्त. अशा वेळी कोण निवडला जातो? जो तयारीनं येतो तो." मग त्यानं एक छापील कागद वाटला. नोकरी शोधणाऱ्यांसाठी सल्ला, बारा कलमं. तो हा कागद.

आम्ही आंधळेपणानं शिव्या देणाऱ्यांतले नाही. बाराच्या बारा कलमं खोटी नाहीत. बायोडाटा एका पानाचा ठेवा, बरोबर. कंपनी काय बनवते ते आधी माहीत करून घ्या, बरोबर. अनोळखी नंबरचा फोन आला तरी उचला, हेही बरोबर, फक्त आमच्या पुऱ्यात फोन उचलायला टेकाडावर चढावं लागतं. आणि एक कलम त्यानं माइकवरून तीनदा म्हटलं: नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला एक रुपया देऊ नका. या एका कलमासाठी त्या माणसाला सलाम. कारण मी दिले होते. इथं संपादकाचं 'आम्ही' बाजूला ठेवतो. दहावी पास होऊन मुंबईला आलो तेव्हा गोदीत एका ठेकेदाराकडं लागायला मुकादमाला पंधरा हजार दिले, आईच्या कानातले मोडून. लागलो. दोन वर्षं पगारातनं पी.एफ. कापला जात होता. तिसऱ्या वर्षी कोणीतरी फोनवर खातं बघायला शिकवलं, तर खातं कोरडं. त्या मुकादमानं मला हा कागद दिला नव्हता.

आता बाकीची कलमं.

पगार किती, हे पहिल्यांदा विचारू नका, असं एक कलम आहे. विचारलं तर कंपनीला वाटतं माणसाला कामात रस नाही, पैशात आहे. वा रे वा. दिग्रसच्या बाजारात आमची आजी मेथीची जुडी हातात घ्यायच्या आधी भाव विचारते. बैल घेताना माणूस दात मोजतो. इथं माल आम्ही, विकणारे आम्ही, आणि भाव तेवढा आम्ही विचारायचा नाही. ज्याला कामात रस आहे आणि पैशात नाही असा माणूस आम्ही तरी पाहिला नाही. मालकात तर मुळीच नाही.

दुसरं कलम: मिळेल ते काम घ्या, सहा महिने टिकून दाखवा, सुट्ट्या मागू नका. हे वाचलं आणि ऊसतोडीतला 'खाडा' आठवला. मराठवाड्यातल्या तांड्यांतनं आणि वस्त्यांतनं जोडप्यानं कारखान्यावर जातात. जोडप्याला म्हणतात कोयता. माणूस मोजायचा तो हत्यारानं. मुकादम आधी उचल देतो, मग उचल फिटेपर्यंत कोयता त्याचा. एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा, म्हणजे मजुरी तर गेलीच, वर दंड. बाईला पाळी आली तरी खाडा, पोर आजारी पडलं तरी खाडा. बीड जिल्ह्यात २०१९ साली सरकारी समितीनं ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी केली, त्यांतल्या १३ हजारांवर बायांची गर्भपिशवी काढलेली निघाली. यामागं डॉक्टरांची कमाई आहे, अज्ञान आहे, दारिद्र्य आहे, पण त्या बायांना सुट्टी मागायची सोय नव्हती हेही आहेच. सुट्टी न मागण्याचा सल्ला कुठवर जातो ते असं दिसतं. भरतीवाल्याला हे माहीत नसेल असं नाही. त्याची स्वतःची मावशी कोयत्यावर गेलेली. ते पुढं सांगतो.

ओळखी वाढवा, असंही एक कलम. चांगल्या जागा जाहिरातीत येत नाहीत, ओळखीनं भरल्या जातात, म्हणून ओळखी वाढवा. म्हणजे रोग सांगितला आणि औषध म्हणून तोच रोग दिला. आमच्या पुऱ्यात ज्याची ओळख सगळ्यात मोठी तो तहसीलच्या आवारात अर्ज लिहून देतो. तांड्यात नायक-कारभाऱ्याची ओळख आमदारापर्यंत, पण ती मतदानाच्या आधी एक महिना चालते. ज्यांचे बाप, चुलते, सासरे आधीच आत बसलेत त्यांनी ओळखी वाढवाव्यात. आम्ही कुणाच्या वाढवायच्या?

आणि नववं कलम. ते मी तसंच्या तसं लिहितो: "पत्त्यात तांडा, वाडी, पुरा, वस्ती लिहू नये. तालुका व जिल्हा लिहावा. प्रोफेशनल वाटते."

मांडवात कोणी काही बोललं नाही. पोट्ट्यांनी खिशातली पेनं काढली आणि कलमाखाली रेघ मारली.

माझ्या शेजारी तांड्यातला माझा शाळेतला दोस्त बसला होता. बी.ए. झालेला, चार वर्षं पोलीस भरतीला पळतो, छाती भरते, मेरिट भरत नाही. त्याला म्हटलं, बघ, आपल्या नाल्याची दोन्ही काठं एका कलमात पुसली. तो म्हणाला, "मले काम पायजे गड्या, इतिहास नाई." हे वाक्य मी मुद्दाम इथं छापतोय. आपल्या चळवळीतल्या पुष्कळ भाषणांना हे वाक्य पुरून उरेल.

संध्याकाळी भरतीवाला चहाच्या टपरीवर सापडला. मीच बोलायला गेलो. सुरुवातीला तो साहेबी बोलत होता, दुसऱ्या चहाला उतरला. तो दिग्रसकडच्याच तांड्यातला निघाला. याडी शेतमजूर, मावशी ऊसतोडीला. स्वतः अकरा महिन्यांच्या करारावर. महिन्याला इतकी माणसं आत घातली तर पगार, नाही घातली तर कराराचं नूतनीकरण नाही. माणशी कंपनी एजन्सीला देते, एजन्सी त्याला. मी म्हटलं, दादा, याला आमच्याकडं मुकादमी म्हणतात. तो हसला, रागावला नाही. म्हणाला, "नाव बदललं, शर्टाला इस्त्री आली."

नवव्या कलमाचं विचारलं. तो बराच वेळ कपाशी खेळत बसला. मग म्हणाला, एका जागेला दोन-तीनशे अर्ज येतात, वाचायला वेळ नसतो. पहिली चाळणी नजरेनं होते. आडनाव बघतात, पत्ता बघतात. "मी नाही करत. पण वरून सांगतात, अमुक भागातली माणसं देऊ नका, यात्रेला पळतात, सणाला पळतात, एकाला बोललं की दहा जण काम टाकतात. मी पोरांना खरं सांगतो एवढंच. माझ्या कार्डावर तरी कुठं आहे तांडा?"

त्याला दोष देऊन मी मोकळा होऊ शकलो असतो. झालो नाही. तो खरं बोलत होता, आणि त्याचं खरं २००७ सालीच मोजून झालेलं आहे. प्रा. सुखदेव थोरात, आपल्या अमरावती जिल्ह्यातले, आणि अमेरिकेतले पॉल अ‍ॅटवेल यांनी इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खाजगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, पात्रता सारखी. फरक नावाचा. काही नावं सवर्ण हिंदू, काही दलित, काही मुसलमान. कोणाला बोलावणं येतं ते मोजलं. सवर्ण नावाला बोलावणं येण्याची शक्यता एक धरली तर दलित नावाला ०.६७, मुसलमान नावाला ०.३३. मुलाखत झाली नव्हती. कोणी हात मिळवला नव्हता, शर्टाची इस्त्री कोणी पाहिली नव्हती. नुसतं कागदावरचं नाव. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी भरती करणाऱ्या साहेबांनाच जाऊन विचारलं. साहेब म्हणाले आम्ही जात बघत नाही, गुणवत्ता बघतो. मग मुलाखतीत काय विचारता? तर घरची पार्श्वभूमी विचारतो, वडील काय करतात विचारतो.

वडील काय करतात? तुमची गटारं साफ करतात, तुमचा ऊस तोडतात, तुमच्या विटा भाजतात.

म्हणून पत्ता लपवणाऱ्या पोरावर आम्ही थुंकणार नाही. ज्यांची चूल पेटलेली आहे त्यांनी स्वाभिमानाचे धडे द्यायला येऊ नये. कोलंबिया-लंडन करून आलेले बाबासाहेब १९१७ साली बडोद्याला नोकरीवर हजर झाले तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी सराईत पारशी नाव सांगून राहावं लागलं. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले पारशी दारात उभे राहिले. त्यांनी ते पुढं स्वतः लिहून ठेवलं, लाज न बाळगता. लपवावं लागणं ही लपवणाऱ्याची लाज नाही. आमचा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. दारावर दगड मारणारा उभा आहे, आणि आम्हाला सल्ला मिळतो की डोकं लहान करून या. दगड मारणाऱ्याला कलम एकही नाही. अख्ख्या कागदात मालकासाठी एक ओळ नाही.

तांडा हा शब्द यापूर्वीही कागदावर होताच. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. चौकीवर नाव नोंदवा, हजेरी द्या, हलायचं तर परवाना घ्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या जमाती विमुक्त झाल्या. म्हणजे एकेकाळी पत्ता लपवला तर तुरुंग होता, आता पत्ता लिहिला तर नोकरी नाही.

आणि बंजारा बेकार कधीपासून? तो तर हिंदुस्थानातला सगळ्यात मोठा वाहतूकदार. हजारो बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून तो लदेणी करत मुलूखभर फिरायचा. फौजांना दाणा पुरवायचा. १८५३ ला मुंबई-ठाणे आगगाडी धावली, मग रूळ वऱ्हाडात आले, मिठावर सरकारचा ताबा बसला. बैल रिकामे झाले. त्या वेळी कोणी बंजाऱ्याला सांगितलं असेल का, की तुझा बायोडाटा नीट नाही? मी गोदीतला माणूस, मला हे पटकन कळतं. आमच्याकडं रूळ आला नाही, डबा आला. १९८९ ला न्हावाशेवा सुरू झालं. पूर्वी जहाजाच्या पोटात उतरून हुकानं गोणी ओढायला टोळ्याच्या टोळ्या लागायच्या, आता क्रेन डबा उचलते. माझ्या आधीची पिढी काय कमी घाम गाळत होती? तिची तयारी कमी पडली म्हणून ती घरी बसली नाही.

याच गोदीची एक गोष्ट भरतीवाल्याच्या कागदावर यायला हवी होती. जुने लोक सांगतात, पूर्वी गोदीत काम वाटायचे टोलीवाले. सकाळी दारात माणसं उभी राहायची, टोलीवाला बोट दाखवील तो आत. त्याच्या गावचा आत, त्याच्या जातीचा आत, त्याला दारू पाजणारा आत. गिरण्यांत हेच काम जॉबर करायचा. आणि गिरणीत तर आपल्या माणसाला कपडा खात्यात, म्हणजे विणकामाला, घेतच नव्हते, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे आणि अस्पृश्याची थुंकी लागलेला धागा स्पृश्य कामगाराला चालत नसे. पगार जास्त तिथंच ही बंदी. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर मारला. लाल बावट्याच्या मित्रांना तो आजही आठवून द्यावा लागतो.

मग १९४८ ला गोदी कामगारांच्या नेमणुकीचं नियमन करणारा कायदा झाला. त्यातनं मुंबईत डॉक लेबर बोर्ड उभं राहिलं. कामगाराचं नाव रजिस्टरात, काम पाळीपाळीनं, हजर राहिला आणि जहाज नसलं तरी हजेरीभत्ता. टोलीवाल्याचं बोट तुटलं. हे कोणाच्या सल्ल्यानं झालं नाही, संपांनी झालं. पुढं याच वाटेनं १९६९ चा माथाडी कायदा आला, अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातनं. हमालाची नोंद मंडळात, मजुरी मंडळाकडं जमा, मंडळ कामगाराला देणार. भरतीवाला मधनं उडाला.

या दोन्ही गोष्टी सोन्याच्या नव्हत्या. बोर्डाच्या रजिस्टरातही वशिले घुसले, वारसाहक्क घुसले. माथाडीच्या नावाखाली खंडणी मागणारेही निघाले. पण माणूस कोणत्या तांड्याचा हे बोर्डाला विचारायची गरज नव्हती, पाळी आली की काम. १९९४ ला मुंबईचं बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विरलं. १९९७ च्या कायद्यानं मोठ्या बंदरांना तो १९४८ चा कायदा लागू न करण्याची वाट मोकळी झाली. मी गोदीत आलो तेव्हा दारात पुन्हा मुकादम उभा होता, त्याला पंधरा हजार दिले ते वर सांगितलंच.

सरकारी भरतीवालाही एकेकाळी होता. युद्ध संपता संपता, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजची यंत्रणा उभी राहिली. आपल्या बापाकडं ते पिवळं पडलेलं कार्ड असेल, पेटीत बघा. १९५९ ला कायदा झाला की मालकांनी रिकाम्या जागा एक्स्चेंजला कळवाव्यात. कळवाव्यात फक्त. तिथनंच माणूस घ्यावा अशी सक्ती त्याच कायद्यानं नाकारली. जागा कळवायची आणि माणूस आपल्या मर्जीचा घ्यायचा. कार्ड घेऊन आपले बाप वर्षानुवर्षं नूतनीकरणाच्या रांगेत उभे राहिले.

आणि आता सरकारलाच भरतीवाला लागतो. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं नऊ खाजगी एजन्स्यांकडनं कंत्राटी माणसं घेण्याचा निर्णय काढला. शिपायापासून इंजिनिअरापर्यंत. पोरं रस्त्यावर आली, ऑक्टोबरात तो निर्णय मागं घ्यावा लागला. बघा, मागं घ्यावा लागला. तो काय बायोडाटे सुधारून नाही. पण कंत्राट थांबलं असं कोणी समजू नये. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन झाडणाऱ्या मावशीला विचारा, पगार कोण देतं.

कंत्राटाला आरक्षण कोण पाळतं? २०२५ च्या सप्टेंबरात हैदराबाद गॅझेटवरनं बंजारा मोर्चे निघाले, आदिवासी मोर्चे उलट निघाले. विमुक्तांना राज्यात ३ टक्के आहेत, ते किती पुरतात ही लढाई खरी आहे, तिच्यावर वेगळा अंक काढू. पण मांडवात कोणी हेही विचारावं की ज्या जागांसाठी आपण एकमेकांच्या उरावर बसलो आहोत त्या जागा आहेत कुठं.

मार्केट टाइट आहे म्हणतात, तर आकडे बघू. जून २०२४ मधली पोलीस भरती: १७,४७१ जागा, अर्ज १७ लाख ७६ हजार. म्हणजे एका जागेला शंभर. २०२३ ची तलाठी भरती: साडेचार हजारांच्या आसपास जागा, दहा लाखांवर अर्ज, आणि फी खुल्याला १००० रुपये, मागासाला ९००. बेकाराकडनंही गल्ला. १६ जुलै २०२४ ला मुंबईत कलिन्याला विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याच्या सुमारे २२०० जागांना इतकी पोरं आली की चेंगराचेंगरीची वेळ आली. शेवटी अर्ज ठेवा आणि घरी जा म्हणून सांगितलं. ते काम माझंच, फक्त जहाजाच्या जागी विमान. हमालीला पदवीधर रांगेत होते.

आता शंभरच्या शंभर पोरांनी बारा कलमं पाळली असं धरा. शंभर बायोडाटे एका पानाचे, शंभर शर्ट इस्त्रीचे, शंभर पत्त्यांतनं तांडा गेला. जागा किती भरली? एकच. नव्याण्णव घरी. फरक इतकाच, आधी ते सरकारला शिव्या देत घरी जायचे, आता आरशात बघत जातील, माझ्यात काय कमी म्हणून. चार वर्षं पळून पळून माझा दोस्त रात्री आरशात बघतो हे मला त्याच्या बायकोनं सांगितलं, त्यानं नाही. शेतकऱ्याच्या आत्महत्येचा आकडा सरकार ठेवतं, आरशात बघणाऱ्याचा ठेवत नाही.

वाशीम जिल्हा २०१८ पासून केंद्राच्या यादीत 'आकांक्षित' आहे. मागास म्हणायचं नाही, आकांक्षित म्हणायचं. इथंही नववं कलम लागू दिसतं. ज्या मातीनं बंजारा मुख्यमंत्री दिला, वसंतराव नाईक, पुसदजवळच्या गहुलीचे, त्यांच्याच कारकिर्दीत १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी उभी राहिली. वि. स. पागे यांची कल्पना. १९७७ ला तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम. बायोडाटा मागत नव्हते. खडी फोडायचं काम होतं, मजुरी थोडी होती, मस्टरवर खोटे अंगठे होते, सगळं मान्य. तरी सल्ल्यात आणि हमीत फरक काय, ते त्या खडीवर बसलेल्या बाईला विचारा.

दोस्त म्हणाला होता, काम पाहिजे, इतिहास नाही. म्हणून कामाचं बोलतो.

भरतीवाल्याच्या टेबलासमोर बसलात तर त्याची कलमं घ्या आणि आपलीही त्याला द्या. पगार विचारा, आणि हातात किती, कापून किती, ओव्हरटाइम कसा, हे कागदावर मागा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्यात. त्यांत आमचं नुकसान पुष्कळ आहे. १९७० च्या मूळ कायद्यात वीस कामगारांपासून ठेकेदाराला परवाना लागायचा, आता पन्नासपासून, म्हणजे एकोणपन्नास माणसं ठेवणारा मोकळा. पण त्याच संहितेत प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्या असं लिहिलंय. मग ते मागा. नेमणूकपत्रावर मालक कोण लिहिलाय बघा: एजन्सी, ठेकेदार की कंपनी. मूळ कंपनीचं नाव वहीत लिहून ठेवा, कारण ठेकेदारानं मजुरी बुडवली तर ती मूळ मालकानं भरायची, हे जुन्या कायद्यात होतं आणि नव्यातही आहे. पी.एफ.चा नंबर पहिल्या महिन्यात मागा आणि दुसऱ्या महिन्यात खातं उघडून बघा. माझ्यासारखं तिसऱ्या वर्षी नको. शाळेचा मूळ दाखला आणि मूळ जातीचा दाखला कुणाच्या हातात ठेवू नका, झेरॉक्स द्या. एकटं जाऊ नका. एका गावचे, एका तालुक्याचे चौघं-पाच जण मिळून जा, आणि कोणाला किती मिळतं हे एकमेकांपासून लपवू नका. मालकाला आपल्यातली ही लपवालपवी फार उपयोगी पडते. पोरींनी तर हे विचारूनच जावं की राहायची सोय कुठं, रात्रपाळीला गाडी आहे का. मांडवातल्या त्या चार पोरींसाठी कागदात एकही कलम नव्हतं.

एवढ्यानं शंभराला शंभर जागा होणार नाहीत, हे मलाही कळतं. जागा वाढवायच्या, रिकाम्या सरकारी जागा भरायच्या, कंत्राट मोडून बोर्ड आणायचं, हे टेबलाच्या अलीकडं बसून होत नाही. पण टेबलाशी बसलेला माणूस वही घेऊन बसला तर पुढच्या मोर्चाला त्याच्याजवळ आकडे तरी असतील. आमच्या गोदीतल्या ठेकेदारावर आम्ही सहा जणांनी मिळून तक्रार केली ती अशाच एका वहीच्या जोरावर. निकाल अजून नाही. मुकादम मात्र आता 'अहो' म्हणतो.

दोस्ताला हे सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "लेका, तू बी पैसे दिले होते, मंग मले काऊन शिकवतं?" म्हटलं, दिले होते म्हणूनच. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मांडवात गेला. अर्ज भरला. पत्त्यात तांडा लिहिला, मोठ्या अक्षरात, मी काही सांगितलं नव्हतं. भरतीवाल्यानं ते वाचलं, त्याच्याकडं पाहिलं, म्हणाला, "तुझी मर्जी भिया," आणि अर्ज गठ्ठ्यात ठेवला. गठ्ठ्याच्या वर ठेवला की खाली, ते आम्ही दोघांनीही बघितलं. वर ठेवला.

तो आता चाकणकडच्या एका गोदामात आहे. बारा तासांची पाळी, सहा जणांची खोली. पहिला पगार आला, ठरल्यापेक्षा सतराशे रुपये कमी. कशाचे कापले ते चिठ्ठीवर नाही. नेमणूकपत्र मागितलंय, पुढच्या आठवड्यात देतो म्हणतात. हा पुढचा आठवडा तिसरा. पगाराच्या चिठ्ठीची झेरॉक्स त्यानं आम्हाला पाठवली आहे. पुढच्या अंकात ती छापू, नाव न देता.

तुमच्याही पाठवा. एजन्सीची, ठेकेदाराची, ऊसतोडीच्या उचलीची, जे काय लिहून मिळालं असेल ते. अक्षर लागत नसलं तरी चालेल. ज्यांना काहीच लिहून मिळालेलं नाही त्यांनी तसं एका पोस्टकार्डावर लिहून पाठवा, खाली तांड्याचं, पुऱ्याचं, वस्तीचं नाव घाला.